उपाशी पुतळा

आधीच सांगते, ही हकिगत मला थंड डोक्याने सांगता येणार नाही. थंड डोक्याने लिहिलेली हवी असेल तर ती पंप विकणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर आहे. तिथे या सगळ्याला ‘नव्या आवृत्तीस झालेला किरकोळ विलंब’ असं म्हटलंय. तो किरकोळ विलंब म्हणजे आम्ही दोघं. सांगलीची मी, हेमांगी आवटी, आणि मिरजेचा नौशाद शिकलगार.

आम्हा दोघांनाही लहानपणापासून मधुमेह, तोही पहिल्या प्रकारचा. म्हणजे शरीर इन्सुलिन बनवतच नाही. बाहेरून दिलं तर जगायचं, नाहीतर नाही. इंजिनिअरिंगला असताना कँटीनच्या एकाच टेबलावर दोघांनी एकाच वेळी पोटात सुई टोचून घेतली आणि एकमेकांकडे बघून हसलो, ती आमची ओळख. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, सुयांचा वीट आला आणि आम्ही ‘थेंब’ लिहायला घेतलं.

थेंब म्हणजे काय ते सोप्यात सांगते. दंडावर एक सेन्सर चिकटवलेला असतो, तो थोड्या थोड्या वेळाने साखर मोजतो. कमरेला छोटा पंप असतो, तो इन्सुलिन सोडतो. या दोघांच्या मध्ये बसून किती सोडायचं आणि कधी सोडायचं हे ठरवणारा मेंदू म्हणजे थेंब. त्याचा कोड आम्ही जगासाठी खुला ठेवला. कुणीही वाचावा, कुणीही वापरावा, कुणीही त्यात बदल सुचवावा. वापरणाऱ्याने नावसुद्धा सांगायचं नाही, असं आम्हीच ठरवलेलं. सुचवलेला बदल मूळ कोडमध्ये मिसळायचा, म्हणजे मर्ज करायचा, अधिकार मात्र आम्हा पाच-सहा मेंटेनर मंडळींकडे होता.

मर्ज करण्याआधीची आमची एक रीत होती. बदल तपासून जो ‘ठीक आहे’ म्हणेल, त्याने तो आधी स्वतःच्या पंपावर घालून आठवडाभर जगायचं. मगच मंजुरी. ‘आधी आपल्या अंगावर’ हे नौशादने नियमांच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं होतं. मेंटेनर सगळे मधुमेहीच, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नौशादच्या घरी पिढ्यानपिढ्या सतारी बनतात. त्याचे अब्बा स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय सतार गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. तिथूनच त्याने ही रीत उचलली असणार.

मग यंत्रं कोड लिहायला लागली. पूर्वी महिन्याकाठी दहा-वीस बदल यायचे, ते आता रोज शेकड्यांनी येऊ लागले. सगळे कसे नीटनेटके, नम्र, शेवटी आभार मानणारे. एकेक अंगावर घालून बघायचा तर सात जन्म पुरले नसते. आमचे दोन मेंटेनर कंटाळून सोडून गेले. आमचाच कोड घालून पंप विकणाऱ्या कंपनीने तेव्हा आम्हाला ‘पारखी’ देऊ केला.

पारखी हे बदल तपासणारं यंत्र. प्रत्येक बदल तो ओळीन् ओळ वाचतो आणि मग दहा हजार नकली शरीरांवर चालवून बघतो. ही शरीरं अर्थात संगणकात. प्रत्येकाचं वजन वेगळं, पचन वेगळं, यकृत वेगळं. आम्हाला जिथे आठवडा लागायचा, ते काम तो चहा होईपर्यंत उरकतो. खोटं कशाला बोलू, यंत्र हुशार होतं. माझ्याही दोन चुका त्याने पकडल्या होत्या. मी त्या शरीरांना पुतळे म्हणायची आणि नौशादला ते आवडायचं नाही.

नवे नियम नौशादने लिहिले. पारखीची एक मंजुरी आणि कुणातरी एका माणसाची एक, एवढं झालं की मर्ज. अंगावर घालणं ‘ऐच्छिक’. कुणाला हरकत घ्यायची असेल तर बदलामुळे एखादा तरी पुतळा पडतो, म्हणजे त्याची साखर धोक्याच्या रेषेखाली जाते, हे दाखवायचं. दोन दिवसांत नाही दाखवलं तर हरकत आपोआप रद्द. दिलेली मंजुरी मागे घ्यायची तरी हीच अट. मतदानात विरोधात मी एकटी.

“हेमा, काळ बदललाय,” नौशाद म्हणाला.

काळ काय आपला आपण बदलतो? कुणीतरी मसुदा लिहितं, बाकीचे हात वर करतात, आणि मग नाव काळाचं.

तर तो बदल. सोमवारी सकाळी डबा भरता भरता मी मंजूर झालेल्यांची रांग चाळत होते. एकाचं शीर्षक होतं, ‘निरुपयोगी तपासणी काढली, कोड सुटसुटीत केला’. पारखीची मंजुरी होती. खाली माणसाची मंजुरी, नौशाद शिकलगार. मी तो बदल उघडला आणि तव्यावरची पोळी करपली.

इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल. टोचलेलं इन्सुलिन हळू चढतं आणि जेवणातली साखर भराभर चढते. म्हणून थेंब तुमच्या जेवणाच्या वेळा शिकतो आणि ताट समोर यायच्या आधीच थोडं इन्सुलिन सोडून ठेवतो. तुम्हाला बटण दाबावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसांना थेंब आवडतो तो यासाठीच. पण एखाद्या दिवशी ताट आलंच नाही तर? इन्सुलिन पोटात आणि अन्न नाही, म्हणजे साखर खाली. पंप फार तर सोडायचं थांबेल. गेलेलं परत ओढून घेता येत नाही. एका चुकलेल्या जेवणावर माणूस थरथरून निभावतो, पण पुढच्या जेवणाचाही डोस वर पडला की तो पडतो. म्हणून थेंबमध्ये एक तपासणी होती. आधीचं जेवण झालेलं दिसलं नाही, तर पुढच्या वेळी घड्याळावर विसंबू नये.

ही तपासणी दहा हजार पुतळ्यांमध्ये एकदाही कामाला आली नव्हती, म्हणून ती निरुपयोगी. का आली नव्हती? कारण ते पुतळे मोठमोठ्या रुग्णालयांतल्या नोंदींवरून घडवलेले. तिथे ताट वेळेवर येतं. त्या दहा हजारांत चतुर्थी धरणारा एकही नव्हता, रोजा ठेवणारा नव्हता, रुसून न जेवता झोपणारा नव्हता. जगात कुणी उपाशी राहतच नाही, असं त्या शहाण्या यंत्राचं प्रामाणिक मत होतं.

मी हरकत नोंदवली. पारखीचं उत्तर लगेच आलं. ‘आपल्या काळजीबद्दल आभार. एकही शरीर धोक्याच्या रेषेखाली गेलेलं नाही. कृपया पुरावा जोडावा.’ नौशादला फोन लावला, तो उचलेना. दुपारी कंपनीचे अभिराज सबनीस यांचाच फोन आला.

“मॅडम, तुमची भावना मी समजू शकतो. पण डेटा बघा ना.”

“तुमच्या डेटात उपास करणारा एक माणूस दाखवा.”

“उपास हा युजरचा पर्सनल चॉइस झाला. आपण मॅन्युअलमध्ये घालू, उपास करू नये म्हणून.”

“मॅन्युअलमध्ये? तुमच्या आजीने मॅन्युअल वाचून एकादशी सोडली होती?”

ते हसले. हसले! सोमवार धरून दोन दिवस, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी माझी हरकत रद्द होणार होती, आणि नवी आवृत्ती त्याच रात्री आपोआप सगळ्या पंपांवर उतरणार होती.

माझ्या सासूबाईंच्या कमरेलाही थेंबच आहे. मीच बसवलेला. बुधवारी चतुर्दशी होती, आणि आमच्या जैन घरात चतुर्दशीला त्या दिवसभर काही खात नाहीत. मी त्यांच्या पंपावर येणारी नवी आवृत्ती रोखून ठेवली आणि का रोखली ते सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माझं झालं बाई. पण ज्यांच्या घरात सून असलं काय लिवत न्हाई, त्यांनी काय करायचं?”

कोण थेंब वापरतं हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. कुणाकुणाला फोन करणार? मंगळवारी सकाळी मी साखरेचा डबा आणि साखर एकदम वर आणणारं इंजेक्शन पिशवीत घातलं आणि मिरजेची गाडी धरली.

नौशाद घरच्याच कारखान्यात एका कोपऱ्यात टेबल टाकून काम करतो. वर आढ्याला सतारीचे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. मला बघून तो उठला.

“ये ये. चहा सांगतो. फोनवर जमलंच नाही गं, कामं इतकी...”

“तू तो बदल वाचलास का?”

“कुठला?”

“कुठला ते विचारतोस म्हणजे नाही वाचलास.”

“पारखीने वाचलाय की. हेमा, मी एका बैठकीत चाळीस चाळीस मंजूर करतोय. सगळे काय वाचत बसू?”

“मग तुझं नाव कशाला खाली? अब्बा असते आणि तू न वाजवता सतार पाठवली असतीस, तर ती तुझ्या डोक्यात घातली असती त्यांनी!”

“अब्बांना मध्ये आणू नकोस.”

“आणणार. लॅपटॉप उघड. काढून टाकलेल्या ओळी वाच. मोठ्याने वाच.”

तो चिडला, पण वाचायला लागला. कोड लिहिणारे आपल्या ओळींच्या शेजारी कधी कधी माणसाच्या भाषेत टीप लिहून ठेवतात. कोड चालवताना संगणक ती वगळतो, पुढच्या वाचणाऱ्यासाठी ती असते. तपासणीच्या पहिल्या ओळीशेजारीही एक होती. “रोज्यात पडलो,” नौशाद वाचत होता, “हेमाने गूळ भरवला म्हणून वाचलो. एक जेवण चुकलं तर घड्याळावर विश्वास...”

पुढे त्याला वाचवेना.

थेंबच्या पहिल्याच वर्षी रमजानमध्ये तो मिरजेच्या मार्केटजवळ स्कूटरवरून कोसळला होता. मी मागे बसले होते. दवाखान्यात, एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हाताने टाइप करत त्याने ही तपासणी लिहिली होती. पुढे डॉक्टरांनी त्याला रोजे सोडायला लावले, जेवणं वेळेवर व्हायला लागली, आणि ती ओळही डोक्यातून गेली. आपल्याच जिवावर बेतलेली गोष्ट त्याने न वाचता पुसायला संमती दिली होती.

“हे माझंच आहे,” तो म्हणाला.

“मग काढून घे तुझी मंजुरी.”

त्याने बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, ‘मंजुरी मागे घेण्यासाठी शरीर पडल्याचा पुरावा जोडावा.’

“हा नियम कुणी लिहिला?” मी विचारलं.

“मी.”

आतून यास्मिनने, त्याच्या बायकोने, नाष्टा तयार असल्याची हाक दिली.

“नाष्टा झाला नाही अजून?” मी विचारलं.

“तू आलीस म्हणून राहिला.”

“मग राहू दे.”

मी पिशवीतून साखरेचा डबा काढून टेबलावर ठेवला. शेजारी इंजेक्शन ठेवलं. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तो बदल आपल्या पंपावर चढवायला घेतला. पंप तर मीही लावते. ‘तू थांब, मी करते’ असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. जुना नियमच होता की, ज्याने मंजुरी दिली त्याने घालायचं. आणि मला त्याचा इतका राग आला होता की त्याला थोडं सोसू दे, असंच वाटत होतं.

नाष्ट्याच्या वेळी पंपाने घड्याळ बघून आपला डोस सोडला. एकशे तीसवरची साखर उतरत उतरत नव्वदीला आली आणि टेकली. नौशादला थोडा घाम आला, एवढंच. यास्मिन दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. ती माझ्यावर इतकी भडकली, की मी तिच्या जागी असते तरी एवढंच बोलले असते. मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली ती हललीच नाही.

दुपारी जेवणाची वेळ झाली. साखर नव्वद, म्हणजे कागदावर उत्तम, जेवायला अगदी योग्य. थेंबने विश्वासाने दुसरा डोस सोडला.

त्यानंतर नौशाद डोळ्यांदेखत बदलला. कपाळावरून घाम ओघळायला लागला. शेजारच्या अर्धवट सतारीची खुंटी धरून तो उगाच पिळत बसला. तिला तारच नव्हती. सत्तर. पासष्ट. पंप सावध होऊन थांबला होता, पण आता थांबून काय उपयोग? मी डबा उघडला तर त्याने झाकणावर हात दाबून धरला.

“थांब. चोपन्न.”

पारखी चोपन्नच्या खाली गेलेलं शरीरच पडलं असं मानतो. वर असेल तर ते उभं.

“खड्ड्यात गेलं चोपन्न! तोंड उघड.”

“नाही. मानणार नाही तो.” त्याची जीभ जड झाली होती. “हेमा... आपली कँटीन... बंद झाली का गं?”

माझा सगळा राग कुठे गेला ते कळलंच नाही, नुसती भीती उरली. एकोणसाठ. छप्पन. यास्मिन इंजेक्शन हातात घेऊन रडत होती. त्रेपन्न दिसले आणि मी त्याचा हात झटकून मूठभर साखर त्याच्या तोंडात कोंबली. पाणी पाजलं, परत साखर. ती त्याच्या दाढीत, शर्टावर, भुशात सांडली. आकडा वर सरकायला लागेपर्यंत आम्ही तिघांनी दुसरीकडे पाहिलं नाही.

तो जरा सावरल्यावर मी त्या दुपारची सगळी नोंद पुरावा म्हणून जोडली. पारखीचं उत्तर आलं, ‘आभार. एकाच व्यक्तीची नोंद असल्याने अपवाद म्हणून वगळली आहे.’

मी डबा भिंतीवर फेकून मारला. वरचे भोपळे हलले. अपवाद! माणूस माझ्यासमोर मरणाच्या दारात जाऊन आला आणि तो अपवाद!

नौशाद ओठांवरची साखर पुसत बसला होता. आवाज थकलेला होता, पण डोकं ताळ्यावर आलं होतं. “पुतळ्यांतच एक वाढवू की,” तो म्हणाला.

नवा पुतळा घालणं हाही एक बदलच. त्याची अट एवढीच, की तो खऱ्या माणसाच्या खऱ्या नोंदीवरून घडवलेला हवा. नोंद तर आता आमच्याकडे होती. आणि पुतळा आत घेताना पारखी बघणार काय? आजच्या कोडवर तो उभा राहतो का. आजच्या कोडमध्ये ती तपासणी अजून शाबूत होती. म्हणजे उभा राहणारच.

मी लिहिलं, नौशादने तपासलं. मी त्याला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली आणि त्याने ती वाचली. वर नाव दिलं, ‘उपाशी माणूस’. पारखीने आभार मानून मंजुरी दिली, नौशादने दिली, मर्ज झालं. दहा हजारांत एक उपाशी जाऊन बसला.

पुतळे बदलले की रांगेतला प्रत्येक बदल पारखीला नव्याने तपासावा लागतो. संध्याकाळ व्हायला आली होती. यास्मिनने आमच्यासमोर भाकरी आणून आदळली आणि आम्ही पडद्याकडे बघत खात होतो. ‘निरुपयोगी तपासणी काढली’ची पाळी आली. हिरव्या ओळी भराभर सरकल्या. सगळ्यात शेवटी एक लाल उमटली. ‘एक शरीर धोक्याच्या रेषेखाली. मंजुरी रद्द.’

बुधवारी सासूबाईंचा उपास नेहमीसारखा पार पडला. इतरही किती जणांचा पडला असेल, ते मला कधीच कळणार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा मतदान झालं आणि डोसला हात लावणाऱ्या बदलांपुरता तरी जुना नियम परत आला. मसुदा नौशादनेच लिहिला. त्याच्यावरचा माझा राग पुरता गेलेला नाही, आणि त्याला ते ठाऊक आहे.

परवा सबनीसांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड.

“मॅडम, एक छोटी विनंती होती. तो जो एक पुतळा तुम्ही घातलाय, त्याच्यामुळे आमचे बरेच बदल अडकतायत. दहा हजारांत एक तर आहे. काढून टाकला तर रिझल्टवर काही फरक पडत नाही.”

“काढू की,” मी म्हटलं. “तुम्ही मिरजेला या. मी तुमच्या आवडीचा बदल पंपावर घालते आणि सकाळपासून उपाशी बसते. तुम्ही समोर बसायचं. साखरेचा डबा तुमच्या हातात देते.”

ते ‘मॅडम, तसं नव्हे’ म्हणायला लागले.

“झाकण कधी उघडायचं,” मी म्हटलं, “ते तुम्ही ठरवा.”